दोन आकड्यांत मावलेलं शिवार

२ मार्च, रविवार
वरच्या रानात बोअरचा पॉइंट निघाला. वडगाव रासाईहून रखमाजीमामा पाणाडी आले होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर अनवाणी फिरले. मधोमध आल्यावर नारळ उभा राहिला. आप्पांनी तिथं चुन्याची फुली मारली. आमची विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते, आणि आप्पांनी डाळिंबाची रोपं सांगून ठेवलीत. म्हणजे या फुलीवर सगळं आहे. बोअर एकदाच घ्यायचा, दुसऱ्यांदा जमणार नाही, असं आप्पा म्हणाले.

रवीला रानात रोटाव्हेटर मारायचाय. फुली जाईल म्हणून थांबला होता. मी सांगितलं, खुशाल मार. पॉइंट फोनमध्ये सेव्ह आहे, नाव: बोअर. दगड हलतो, चुना उडतो. अक्षांश-रेखांश हलत नाहीत.

रवी म्हणाला, आता डबे हुडकणाऱ्या बाईच्या भरवशावर पाणी. धाकटा भाऊ आहे, दुर्लक्ष केलं. जिओकॅशिंग त्याला कळणं कठीण. डबा लपवायचा, जागेचे आकडे अॅपवर टाकायचे, अनोळखी माणूस आकड्यांवरून येऊन डबा शोधतो आणि आतल्या कागदावर नाव लिहितो. जगभर लोक करतात. भांडगावात मी करते.

परतताना पाहिलं तर आप्पा आणि आत्या दोरी घेऊन लिंबाकडे चालले होते. शेळी बांधायची असेल.

९ मार्च, रविवार
स्वतःच्या डब्याची देखभाल केली. डबा बांधावरच्या बाभळीत, मुळांच्या बेचक्यात आहे. आजवर एकच पाहुणा आला, पुण्याचे एक गृहस्थ. त्यांना कुत्र्यामुळे बांधापर्यंत जाता आलं नाही, तरी जागा छान असल्याचं त्यांनी लिहिलं. डबा फांदीला टांगावा असं मनात आलं म्हणून गोठ्यातली खिळ्यावरची दोरी घेतली. चांगली दोरी, पण मध्येच दोन गच्च गाठी, त्यांत चिंध्या अडकवलेल्या. दातांनी सोडवल्या. शेवटी डबा मुळांच्या बेचक्यातच बरा वाटला. दोरी सरळ करून, गुंडाळून, होती त्या खिळ्याला लावली.

या घरात कोणतीही वस्तू नीट ठेवणारी मी एकटीच आहे. तक्रार नाही, नोंद आहे.

१६ मार्च, रविवार
फोनमधले पॉइंट पाहिले आणि छातीत धडधडलं. काही जुन्या पद्धतीने लिहिलेले, काही नव्या. तीन पॉइंटचं नाव "नवा". एकाचं नाव "इथं". कुठं, ते आठवत नाही. सापडलेले डबे आणि न सापडलेले डबे एकाच यादीत. उद्या मला काही झालं तर मागं राहणाऱ्यांना यातून काय कळणार?

शाळेत जायच्या आधी मला धुरपदा आत्याने घरीच पाटीवर शिकवलं. तिचा नियम एकच. चुकलं तर बोटाने पुसायचं नाही, थुंकी तर मुळीच नाही. ओल्या फडक्याने सगळी पाटी पुसायची आणि पहिल्यापासून लिहायचं. पतसंस्थेच्या नोकरीत मला खाडाखोड खपत नाही ती यामुळेच.

संकल्प: मार्चअखेरच्या आत माझे सगळे रेकॉर्ड शुद्ध.

२३ मार्च, रविवार
झालं! सगळे पॉइंट एक्सेलमध्ये उतरवले. नावं दुरुस्त केली. आकड्यांच्या लांबलचक शेपट्या डोळ्याला खुपत होत्या. कुठं चार आकडे, कुठं सहा. ऑफिसमध्ये आपण सगळं पैशापर्यंत लावतो, म्हणून इथंही दशांशानंतर दोन आकडे लावून घेतले. सगळा कॉलम शिपायांसारखा रांगेत. फाइल सेव्ह केली, फोनमधले जुने पॉइंट सगळे डिलीट केले, नवी फाइल चढवली.

ओलं फडकं. स्वच्छ पाटी. आत्याला सांगितलं, तिने "बरं केलंस गं" म्हणून शाबासकी दिली. तिला मी काय केलं ते कळलं नसावं, पण शाबासकी ती शाबासकी.

२५ मार्च, मंगळवार
दौंडला ऑफिसला जाताना डेमू गाडीत सहज नकाशा उघडला. सगळ्या गावात एकच खूण. अॅप हँग झालं असं वाटलं. बंद करून परत लावलं. एकच खूण. तिच्यावर बोट ठेवलं की नावं उलगडतात: बाभूळ, देवळामागचा ओढा, शाळा, बोअर. सगळे एकाच जागी उभे.

मग डोक्यात उजेड पडला आणि पाटस स्टेशन कधी गेलं कळलंच नाही. पैशाला दोन आकडे पुरतात. जमिनीला पुरत नाहीत. दोन आकड्यांत किलोमीटरभराचं शिवार एकाच ठिपक्यात मावतं. आणि तो ठिपका आमच्या रानात नाही. हायवेपलीकडच्या ढाब्याच्या तंदूरवर आहे.

घाबरायचं कारण नाही. पॉइंट हरवलेला नाही. तो फक्त अपूर्ण आहे.

२७ मार्च, गुरुवार
जेवणाच्या सुट्टीत दौंडातल्या मोबाइल दुकानात गेले. मालक म्हणाला, डिलीट म्हंजी डिलीट, म्याडम, फोटो असते तर काढून दिले असते. बाजूचं गिऱ्हाईक म्हणालं, काय गेलं? पाणी गेलं, हे माझ्या तोंडातून निघून गेलं. मालकाने फोन उलटा करून पाहिला आणि म्हणाला, पाणी गेलं असंल तर तांदळात ठेवा.

ठेवला नाही. थोडा वेळ ठेवला.

पण फोटो ही सूचना चांगली होती. त्या दिवशी रवीने नारळाचा फोटो काढला होता. काही न सांगता त्याच्याकडून मागून घेतला. फोटोत रवी आहे. त्याच्या कानामागे नारळाची शेंडी आहे. जमीन नाही.

३० मार्च, गुढीपाडवा
आप्पांनी पुरणपोळी खाताना जाहीर केलं, बोअरची गाडी शुक्रवारी येणार. मला ठसका लागला. आत्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली, हिला कवाधरनं सांगते, खाताना फोन बघू नगं. मी फोन बघत नव्हते. फोनकडे बघवतच नाही.

दुपारी रानात गेले. रवीने रोटाव्हेटर इतका एकसारखा मारलाय की कणभर चुना दिसत नाही. मधोमध उभी राहिले. मधोमध म्हणजे नक्की कुठून मधोमध, हा प्रश्न तिथं उभं राहिल्यावरच पडतो. शेवटी त्या दिवशी मी उभी होते तशी उभी राहिले, डोळे मिटले, आणि नारळ जिथं असावा तिथं काडी रोवली. याला अंदाज म्हणत नाहीत. पुनर्बांधणी म्हणतात.

चार पावलं गेल्यावर मागं वळून पाहिलं तर काडी चुकीच्या जागी वाटली. उपटून दुसरीकडे रोवली. ती पण तशीच वाटली. काडी घरी घेऊन आले.

२ एप्रिल, बुधवार
आज आप्पांना सांगायचंच. वाक्य तयार केलं: आप्पा, पॉइंटच्या दशांशात किंचित तफावत आहे. आरशासमोर म्हटलं. यात एक शब्दही खोटा नाही.

आप्पा ओट्यावर बसून शेजारच्या मारुतरावांना सांगत होते, माझी काळजी मिटलीया, समदं लिहून ठिवलेलं हाय. मारुतरावांनी विचारलं, कुणी? आप्पांनी नुसतं गोठ्याकडे बोट केलं. गोठ्याच्या अंगाला मीच उभी होते.

सांगितलं नाही. शेजाऱ्यासमोर मुलीने बापाचा विश्वास मोडणं बरं दिसत नाही. उद्या सांगेन.

३ एप्रिल, गुरुवार
उद्या सांगेन.

४ एप्रिल, शुक्रवार, सकाळ
रजा टाकली. गाडी उजाडताच आली, दोन मोठे ट्रक, बरोबर तमिळ पोरं. त्यांचा मुकादम घड्याळ बघतोय, त्याला पुढं यवतला जायचंय. आत्याने नारळ, हळदीकुंकू काढून ठेवलंय. मी चहा करायच्या निमित्ताने घरात आले आहे आणि हे लिहिते आहे. चहा दोनदा उकळला. बाहेरून आप्पा हाक मारतायत.

ठरलं. निर्भयपणे रानात जायचं आणि काडी रोवायची.

त्याच दिवशी, संध्याकाळ
काडी रोवायची वेळ आली नाही.

मी पोचले तेव्हा आप्पा माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांनी रवीला गोठ्यातली दोरी आणायला पाठवलं होतं. त्यांनी मुकादमाला समजावलं की लिंबाच्या बुंध्यापासून पहिल्या गाठीपर्यंत एक माप, विजेच्या डीपीच्या खांबापासून दुसऱ्या गाठीपर्यंत दुसरं, दोन्ही मापं जिथं मिळतात तिथं पॉइंट. मुकादमाला ते लगेच कळलं. मलाही कळलं.

रवीने दोरी आणली. आप्पांनी हातातून सरकवली. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत. मग शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत.

"गाठी कुणी सोडल्या?"

मी म्हणाले, मी. दोरी नीट करत होते.

आप्पांनी कपाळाचा घाम पुसला. मग, देवाशपथ, ते हसले. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुज्या फोनात हाय की. काढ, आंके, फोन."

महिनाभर ज्या क्षणाची भीती होती तो आला तेव्हा फार साधा होता. मी फोन काढला आणि म्हणाले, आप्पा, दशांशात किंचित तफावत आहे. रवीने फोन हातातून घेतला, नकाशा मोठा केला, हायवेकडे पाहिलं, परत नकाशाकडे पाहिलं.

"आप्पा, पाणी ढाब्यावर लागलंय."

कुणी हसलं नाही. तमिळ पोरांनी इंजिन बंद केलं. आप्पा ढेकळावर बसले. दोरी मांडीवर घेऊन बराच वेळ बोटाने चाचपत राहिले, गाठ अजून सापडेल अशा बेताने. मी आत्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "समदी पाटी पुसलीस व्हय गं?"

मी म्हणाले, तूच शिकवलं होतंस. ती म्हणाली, "पाटी पुसायला शिकवली. आदी वाचून दाखवायची, ते इसरलीस."

रवी मोटारसायकलवर वडगाव रासाईला सुटला आणि रखमाजीमामांना मागं बसवून घेऊन आला. मुकादम तोवर दोनदा जातो म्हणाला, आत्याने त्याला दोनदा पोहे वाढले. मामांनी नारळ हातावर ठेवला आणि चालू लागले. मधोमध नारळ निजलेलाच. मी मागून चालत होते. मामा सरळ बांधाकडे गेले. बाभळीखाली नारळ उभा राहिला.

मी नम्रपणे सांगितलं की मामा, गेल्या वेळी मधोमध उभा राहिला होता. मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"पोरी, पाणी काय एका जागी बसतंय व्हय? म्हैना झाला की."

आप्पांनी मान डोलावली. दुसरं काय करणार. गाडी बांधाला लागली. पांढरी धूळ उडत राहिली, उडतच राहिली. मी मनातल्या मनात नोकरी, गाव आणि आडनाव सोडून पाहिलं. मग धूळ राखाडी झाली, ओली झाली, आणि पाण्याचा फवारा उडाला. दीड इंची पाणी, मुकादम म्हणाला. आप्पांनी त्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं आणि मामांना टोपी दिली.

गाडीचा जॅक माझ्या डब्यावर टेकला होता. झाकण रवीला सापडलं. बाकीचा डबा चिखलात आहे. पुण्याच्या गृहस्थांना कळवायला हवं.

६ एप्रिल, रविवार
बोअरपासून डाळिंबाच्या प्लॉटपर्यंत पाइप पुरला. वरून माती ओढली की पाइप कुठं वळतो ते दिसणार नाही आणि पुढच्या नांगरटीला फुटेल. मी आप्पांना म्हटलं की वळणाचा पॉइंट मी घेते, या वेळी सगळे आकडे ठेवेन, कागदावरही लिहीन, शिवाय दोन ठिकाणी कॉपी. सविस्तर पद्धत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मला वाटतं, त्यांना ती पटली.

मग त्यांनी आत्याला लिंबाकडे उभं केलं, रवीला वळणावर, आणि दोरी माझ्या हातात दिली. मी खिशातून फोन काढला.

आप्पा म्हणाले, "फोन ठेव. नुसतं टोक धर."

धरलं.