पाहुण्यांपुढचा खोकला

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

बोरीवाडी, ता. अक्कलकोट
१२ जानेवारी २०२५

चि. बसलिंगप्पास,
अक्काचे अनेक उ. आशीर्वाद. वि. वि.

खिशात मोबाईल असून बहिणीला पत्र लिहायला लावणारा भाऊ आख्ख्या जिल्ह्यात तू एकटाच असशील. तुझा फोन कंपनीचा, त्यावर खाणीचं बोलायचं न्हाय म्हणालास, म्हणून लिहिते. अक्षराला हसू नको.

तुझ्या त्या परदेशी बाई गुरुवारी येऊन गेल्या. 'माझ्या घरच्याच समज' असं तू लिहिलं होतंस, म्हणून काही कमी पडू दिलं न्हाय. अंगण सारवलं, गव्हाची गोड हुग्गी शिजवली, कडक भाकरी अन् शेंगाची चटणी केली. चटणीनं बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी परत मागून खाल्ली. शेजारच्या नागव्वानं हळदी-कुंकू लावलं, मी इरकली खण दिला. तुझं नाव राखलं की न्हाय सांग.

खाणीवर बी सगळं झकास होतं. मुकादमानं सकाळी नवे मास्क वाटले, ड्रिलवर पाणी सोडलं. एरवी धुळीनं शेजारचा माणूस दिसत न्हाय, त्या दिवशी पार पलीकडचा माळ दिसत होता. संध्याकाळी मास्क परत गोळा करून नेले, धुवायला म्हणे.

काळजी होती ती खोकणाऱ्यांची. पाहुणे ताटावर बसलेत अन् शेजारी माणूस खोकतंय, बरं दिसतं का? आपली आई अंगात ताप असला तरी पाहुण्यांपुढं हसतच वाढायची. म्हणून आम्ही बायकांनी सगळ्या खोकणाऱ्यांना मागच्या कडब्याच्या खोलीत नेऊन बसवलं. तुझ्या दाजींनी तर तोंडात टॉवेल कोंबला. बाई हात धुवायला परड्यात गेल्या, अगदी त्या दारापाशी उभ्या राहिल्या, पण आतून हूं न्हाय की चूं न्हाय. शहाणं माणूस.

जाताना बाईंनी दुभाष्याला विचारायला लावलं की तुमच्या मालकांची, म्हंजे तुझ्या दाजींची, तब्येत कशी आहे. मी म्हटलं, लई ठणठणीत हायत, कामावर गेलेत. त्यांनी ते लिहून बी घेतलं. इतकं आपुलकीनं कोण विचारतं रे?

दाजींच्या टीबीच्या गोळ्या चालू हायत, पण खोकला हटत न्हाय. पुण्याच्या डॉक्टरला दाखवायला त्यांच्या छातीचा फोटो नेला होतास, त्याचं काय झालं ते कळव. कामाच्या गडबडीत विसरलास तर येऊन कान धरीन.

वैनीला अन् पोरांना आशीर्वाद. अक्कावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
दाक्षायणीअक्का


पुणे
१९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
बसलिंगप्पाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कळलं की सगळं उलटं झालं. तरी मनात म्हटलं, बाई अनुभवी आहेत, त्यांना कळलं असेल. काल त्यांचा अहवाल हाती आला आणि तीही आशा गेली.

अक्का, त्या पाहुण्या नव्हत्या गं. त्या तपासायला आल्या होत्या. आमची कंपनी ज्या देशातली आहे, तिथे कंपनीला देशाबाहेरच्या आपल्या खाणीतल्या मजुरांच्या जिवाबद्दलही जाब द्यावा लागतो, मग ती माणसं ठेकेदाराची का असेनात. वरच्या लोकांच्या हातापाया पडून मी ही तपासणी आणवली होती. पत्र कुणाच्या हाती पडलं तर, या भीतीने मी उघड लिहिलं नाही. 'घरच्याच समज' एवढंच लिहिलं आणि तू घरच्यासारखंच केलंस. मूर्ख मी आहे.

दाजींना टीबी नाही. इथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला की हा माणूस दगडात काम करतो का. फुफ्फुसात दगडाची धूळ बसली आहे. ती निघत नाही. धूळ कायमची सुटली आणि नीट उपचार झाले, तरच ते टिकतील. ते उपचार कंपनीने करावेत, म्हणून माझा सगळा खटाटोप होता.

आणि अहवालात काय आहे? धूळ आटोक्यात, कामगारांना मास्क, आजारी कुणी आढळलं नाही. शेवटी एक वाक्य आहे: ड्रिलवर काम करणाऱ्या एकाच्या पत्नीने स्वतः सांगितले की तिचा पती पूर्ण निरोगी आहे. अक्का, ते वाक्य तुझं आहे.

साहेबांनी मला बोलावून हसत सांगितलं की तुमचंच गाव समाधानी आहे, आता विषय संपला. मी बाईंना गाठलं, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की गावातल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तर त्या पुन्हा येतील. तू सांगशील का? मुकादम तुझ्या पोराला, आपल्या महेश्वरला, खाणीच्या कामावरून काढेल, हे मला माहीत आहे. माझ्या नोकरीचं मी बघून घेईन. तुला जबरदस्ती नाही.

दाजींना नमस्कार. रागाव हवं तर, पण धाकट्याला अंतर देऊ नकोस.

तुझा,
बसलिंगप्पा


बोरीवाडी
२७ फेब्रुवारी २०२५

चि. बसलिंगप्पास,
अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र उंबऱ्यावर उभ्यानंच वाचलं. जळलं माझं तोंड! नवऱ्याचं दुखणं मी माझ्या तोंडानं पुसून टाकलं. तुझा बी लई राग आला. एक ओळ उघड लिहायला काय झालं होतं तुला?

नागव्वाकडं गेले. तिचा मालक बी त्या दिवशी कडब्याच्या खोलीत होता. सगळं ऐकून म्हणाली, मी बी सांगते. महेश्वरला विचारलं, तर पोरगं म्हणतं, काढलं तर काढू दे, मला काय बाबासारखं व्हायचं हाय का?

बाईंना कळव, मी बोलते. माझं नाव घालून लिही. खोटं बोलली ती मीच, माझा नवरा ठणठणीत न्हाय. ह्या वेळंला सारवण न्हाय, हुग्गी न्हाय. सगळे खोकणारे अंगणात बसतील अन् कडब्याच्या खोलीचं दार उघडं राहील.

रात्री पत्र ह्यांना वाचून दाखवलं. चिडतील वाटलं होतं. शेवटपर्यंत ऐकलं. मधी उबळ आली तसा हात सवयीनं टॉवेलकडं गेला. टॉवेल धरला, बाजूला ठेवला अन् मला विचारलं, 'आता पाहुणे आले तर खोकलं तर चालंल का?'

मी व्हय म्हटलं अन् चुलीपाशी जाऊन रडले. लवकर पाठव त्यांना. हितं वाट बघतो आम्ही, तू आमचाच हायस हे विसरू नको.

तुझी,
अक्का