पिसाखालची खूण

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बाणांची दुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी विचारले, "काका, मन कसं आहे?" मी म्हणालो, "जागेवर आहे, फक्त काही बोलत नाही." हे त्यांनी दाखल्यात घातलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला, म्हणजे चिमणीला, मिळावी. मागचे दार जरा उचलून लावावे लागते, तिला माहीत आहे. तिच्या आईचे कपाट आहे तसेच आहे. मला ते उघडवले नाही. चिमणीने उघडावे.

२. तिरंदाजीच्या मैदानाचे सेक्रेटरीसाहेब माझी शिडी घेऊन गेले, ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. सहा वर्षे "उद्या पाठवतो" म्हणत आहेत. आता निदान थाप मारायचा त्रास तरी वाचेल.

३. कारखाना, म्हणजे घरामागची पत्र्याची खोली, सर्व हत्यारांसह माझ्या धाकट्या भावाला द्यावा. चिमणी विचारेल, "त्याला? कशाबद्दल?" म्हणून हे कलम लांबले आहे.

आमचे काम साधे. बाणाची झिजलेली पिसे सोलायची, खालचा वाळलेला गोंद खरवडायचा, दांडी पुसून नवी पिसे चिकटवायची. लोकांना वाटते कसब चिकटवण्यात आहे. छे! कसब खरवडण्यात आहे. लाकडी दांडी थोडेफार सोसते. कार्बनच्या दांडीवर मात्र पाते आडवे, बोथट बाजूने ओढावे लागते. उभे धरले की गोंदाबरोबर दांडीही कापली जाते, आणि वर पिसे बसली की ती चीर कोणाला दिसत नाही. म्हणून वडिलांनी शिस्त लावली होती : ज्याने दांडी साफ केली, त्याने पिसाच्या जागी पेन्सिलीने आपली खूण करायची. माझी आडवी रेघ, भावाची फुली.

चौदा वर्षांपूर्वी, निवडीच्या स्पर्धेत, चिमणीचा एक बाण सुटता सुटता मोडला आणि तिच्या डाव्या हातात घुसला. त्या हाताची दोन बोटे अजून मिटत नाहीत. तिने पुन्हा धनुष्य उचलले नाही. तिचे कार्बनचे बारा बाण आम्ही दोघा भावांनी साफ केले होते, सहा त्याने, सहा मी. दवाखान्याच्या जिन्यात, चारचौघांत, मी भावाला म्हणालो, "तुझ्याच हातचा असणार. तुला कामात कधी दम असतो का?"

तो म्हणाला, "दादा, पीस काढून खूण बघू या."

"बघायचंय काय त्यात!" मी म्हणालो.

मोडका बाण मी कारखान्यात खिळ्याला टांगला. पीस काढले नाही. का नाही, हे स्वतःला विचारलेही नाही. आठवड्याने भाऊ आपली हत्यारे न्यायला आला. मी घरातच बसून राहिलो. तो अर्धा तास कारखान्यात एकटा होता. जाताना दारात थांबून म्हणाला, "दादा, पातं आडवं धरत जा." मला शिकवतोस काय, म्हणून मी पेटलो. त्यानंतर त्याचे तोंड पाहिले नाही. चिमणीच्या लग्नालाही त्याला बोलावू दिले नाही. ती अजून काकाशी बोलत नाही.

हे कलम लिहायचे म्हणून काल दुपारी तो बाण खाली काढला. चिरेजवळचे पीस नखाने उचलले. लगेच सुटले. माझे पीस असे सुटत नाही, मी गोंद पूर्ण लांबीला लावतो. हे दोनच ठिपक्यांवर बसवलेले होते, एक पुढे, एक मागे. तात्पुरते पीस भाऊ असेच बसवतो. खाली पेन्सिलीची आडवी रेघ होती.

म्हणजे त्याने पाहिले होते. पाहून पुन्हा झाकले, आणि चौदा वर्षे माझ्या वाट्याची बोलणी खाल्ली.

मला काही वाटले नाही. हात धुतले. परत धुतले. चहा केला, तो तसाच राहिला. रडू येईल म्हणून वाट पाहत बसलो, आले नाही.

४. माझ्या मृत्यूनंतर तो बाण चिमणीला द्यावा. भाऊ समोर असावा. पीस मी पुन्हा दोन ठिपक्यांवर बसवले आहे, ते तिने स्वतः काढावे. तिच्या डाव्या हाताला दांडी धरवणार नाही, म्हणून दांडी काकाने धरावी.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. मैदानाच्या माळीबुवांनी लगेच सही केली. कुलूपवाला म्हणाला, "काका, भाऊ तर दोन गल्ल्या सोडून राहतो. मरायची वाट कशाला बघताय?" मी म्हणालो, "तू आधी सही कर." भावाकडे जावे असे वाटत नाही. जाऊ नये असेही वाटत नाही. चिमणीला फोन करून तिकडेच यायला सांगितले आहे.

खाडाखोड : कलम चारमधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी स्वतः खोडून तेथे "आज" असे लिहिले आहे.

साक्षीदार : १. माळीबुवा (सही) २. कुलूपवाला (सही)
लिहून देणार : बाणवाला (सही)
ठिकाण : कारखाना
तारीख : अठरा, मंगळवार, दुपारचे चार