पोलाइट होते, काइंड नव्हते

१३ जानेवारी
तिळाचे लाडू वळले. नेहाला आवडतात तसे, कडक. यंदाही लेक यायची नाही. आमच्या धंतोलीहून तिचं बेसा अर्धा तास. दीड वर्ष झालं, तो अर्धा तास काही संपत नाही.

१४ जानेवारी
मीच फोन लावला. दोन मिनिटं बोलली. म्हटलं, तुझा नवरा जातीबाहेरचा, तरी मी सुमितशी कधी वाकडं बोलले का? सगळं गोडच केलं ना?
"आई, तू पोलाइट होतीस. काइंड नव्हतीस."
ठेवला फोन.

१५ जाने.
ह्यांना विचारलं, दोन्हींत फरक काय? जन्मभर कचेरीत इंग्रजी पत्रं लिहिली ना.
"काही फरक नाही वं. आम्ही प्रत्येक पत्रात काइंडली लिहायचो. नोटीस बजावायची असली तरी."
आणि परत पेपरात डोकं. बाप्पा, काय माणूस!
मला माहीत आहे फरक. तरी विचारून राहिले.

१७ जाने.
लिहूनच टाकते. लग्नाआधी सुमित पहिल्यांदा घरी आला, तेव्हा शोकेसमधला सोनेरी काठाचा कप काढला. पोहे, लाडू, "घ्या ना, संकोच नको." तो गेल्यावर कप घासला आणि खिडकीत वेगळा ठेवला. आमच्या कपांत नाही. नेहा दारातून पाहून राहिली होती. दोन महिन्यांनी कोर्टात लग्न. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळवलं.
कप अजून खिडकीतच. सुया-दोरे ठेवते त्यात.

१९ जाने.
सुया काढल्या. त्याच कपात चहा घेतला.
"काहून वं, आज ह्याच्यात?"
ह्यांनी विचारलं. लाज वाटली. एकटीनं पिऊन कोणाला दाखवते मी? माझ्या मांडीवर डोकं ठेवून ही पोरगी तास तास लोळायची. फार आठवण येते.

२१ जाने.
फोन केला. नेहाला नाही, सुमितला. नंबर ह्यांच्या डायरीत लिहिलेला निघाला! मला कधी बोलले नाहीत.
कपाचं सगळं सांगितलं. मध्येच रडू आलं.
"माहीत आहे मला, काकू." मग म्हणाला, "पाणी पिऊन घ्या. आवाज बसला तुमचा."
रविवारी दोघं या म्हटलं. "बघतो," म्हणाला.
ते ‘बघतो’ पोलाइटच होतं. पण पाण्याचं जे म्हणाला ते...
कप घासून आमच्या कपांत ठेवला. लाडवांचा डबा रविवारपर्यंत उघडणार नाही. ह्यांनाही सांगितलं, हात लावायचा नाही.