सिस्टर फोलाके कुठे गेल्या

परीक्षितदादा,

काल तू लागोसच्या हॉस्पिटलमधून फोनवर विचारलंस, "आमच्या सिस्टर फोलाके अचानक कुठे गेल्या गं? नव्या नर्सना त्याच शिकवायच्या. आता दोघी पोरीच उरल्यात, माझं ड्रेसिंग करताना एकमेकींकडे बघतात." मी म्हटलं, मला काय माहीत!

खोटं बोलले. त्या इथे एडिनबरात आहेत. आमच्या हॉस्पिटलसाठी परदेशातून नर्सेस मीच निवडते. त्यांचा इंटरव्ह्यू घेतला तेव्हा तुझं ऑपरेशन ठरलंही नव्हतं. इतकी जाणती बाई हातची कोण सोडेल?

आज कँटीनमध्ये चहा घेताना त्या म्हणाल्या, "माझा एक इंडियन पेशंट मागे राहिलाय. मी निघाले त्या दिवशी त्याच्या जखमेला किंचित गोडसर वास येत होता, जखम चिघळायला लागली की येतो तसा. पोरींना सांगून आलेय, रोज वास घेऊन बघा. पण त्यांना तो अजून ओळखता येत नाही." तो माझा भाऊ आहे, हे माझ्या तोंडून निघालं नाही.

तेव्हापासून फोन लावतेय. तू उचलत नाहीस, वॉर्डातही कुणी उचलत नाही. म्हणून हे लिहीत बसलेय. पाठवायची हिंमत नाही.

दादा, त्या दोघी पोरींनीही आमच्याकडे अर्ज केलेत. उद्या सकाळी त्यांचे इंटरव्ह्यू मीच घेणार आहे.

तुझीच,
ऋजुता