चटका बसला की सांगायचं

कळस, गुरुवार, १३ जून १९९६

आले एकदाची! पुण्याहून निघताना आईनं तोंड एवढंसं केलं होतं, पण हे कळस गाव मला पहिल्याच दिवशी आवडलं. शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला आणि राहायला झकास खोली. मालकीणबाई म्हणजे भागूबाई. साठीच्या पुढच्या, काटक आणि बोलक्या. घरात त्या आणि त्यांचा मुलगा जयवंता, दोघंच. तो बारामती एमआयडीसीतल्या डेअरीत कामाला आहे. सकाळी सहाला मोटारसायकलला किक मारतो तो दिवेलागणीला परततो. पूर्वी यांची दोनशे मेंढरं होती, आता दीड एकर डाळिंब आहे. मी त्यांना मावशी म्हणायचं ठरवलं. त्यांनी माझं नाव विचारून घेतलं आणि माझं 'योगिनी' बाजूला ठेवून नुसतं 'बाई' केलं.

मोक्साच्या, म्हणजे पेटवून शेक घ्यायच्या, कांड्यांचा डबा एसटीत चेपला नाही, हे विशेष. कपड्यांचं काय झालं ते विचारू नये.

रविवार, २३ जून

पुण्यातल्या मोक्साच्या शिबिरात शिकल्याप्रमाणे रविवारी सकाळी शेक घेतला. दवण्याच्या जातीतल्या एका झाडाचा वाळका पाला कुटून कापसासारखा करतात आणि कागदात गुंडाळून बोटभर जाड कांडी बनवतात. ती पेटवायची आणि गुडघ्याखाली चार बोटांवर, कातडीपासून दोन बोटं लांब धरायची. ऊब आत जाते, अंग हलकं होतं. मला तर वर्षभरात साधी सर्दी झालेली नाही. अर्थात हे मी भेटेल त्याला सांगते, म्हणून मैत्रिणी मला टाळतात.

वासानं मावशी आल्या. बघून म्हणाल्या, ह्यो तर डागच की. मेंढरू लंगडायला लागलं की त्यांचे सासरे तापलेल्या सळईनं डागायचे. माणसांनाही डागायचे, पोटदुखीला, संधिवाताला. फक्त एक पाळायचं. डाग घेताना तोंडातनं आवाज काढायचा न्हाय, न्हाय तर गुण येत न्हाय. मला हसूच आलं. म्हटलं, मावशी, आमच्याकडे उलटं आहे, चटका बसला की लगेच सांगायचं. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना ते काही पटलेलं दिसलं नाही.

रविवार, ३० जून

मावशींच्या पायांना मुंग्या येतात, तळवे जड पडतात. आज त्यांच्या डाव्या घोट्याला शेक दिला. लई बरं वाटलं म्हणाल्या, आणि दुपारी ताटलीभर शेंगदाण्याचे लाडू आणून ठेवले. मी शेजारपाजारी गाजणार असं दिसतंय!

रविवार, ७ जुलै

आज जरा गडबड झाली. डाव्या हातात कांडी आणि उजव्या हातानं वह्या तपासणं, असं दोन्ही चाललं होतं. मधे दोनदा विचारलं, चटका बसतो का? न्हाय बाई, असू द्या, म्हणाल्या. मग वास बदलला. घोट्यावर सुपारीएवढा फोड आला होता. तूप लावलं. मावशी हसून म्हणाल्या, आता गुण येईल.

होतं असं कधीकधी.

शनिवार, १३ जुलै

फोड फुटला, जखम ओली आहे. संध्याकाळी जयवंतानं विचारलं, आय, ह्ये कशानं? मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते. मावशी म्हणाल्या, चुलीतला निखारा पडला. तो काळजीनं रागावला, आय, जरा बघत जा की.

मी तांदूळ निवडत राहिले.

नंतर मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, तुमची नोकरी नवी हाय बाई, कशाला बोभाटा. मला हायसं वाटलं. ते वाटलं याचीच आता लाज वाटते.

बुधवार, २४ जुलै

पाय घोट्यापासून काळा पडला. जयवंता बारामतीला दवाखान्यात घेऊन गेला, मी रजा काढून सोबत गेले. डॉक्टर म्हणाले, साखर खूप वाढलेली आहे, कुणाच्या लक्षातच आली नाही, म्हणून भाजलेलं चिघळलं. कशानं भाजलं, कधी भाजलं, त्यांनी विचारलं. जयवंतानं निखाऱ्याचं सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

शनिवार, ३ ऑगस्ट

मावशी गेल्या. पाय कापूनही विष थांबलं नाही.

जयवंतानं माझ्यापुढं हात जोडले. म्हणाला, बाई, आयचं लई केलं तुमी, पोटच्या पोरीनं केलं नसतं.

इथं तरी खरं लिहिते. त्या दिवशी फोड यायच्या आधी मी त्यांच्या हाताकडे पाहिलं होतं. वाकळेचं टोक त्यांनी मुठीत आवळलं होतं, बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्या का गप्प आहेत ते मला कळलं होतं. पाचच वह्या उरल्या होत्या. म्हटलं, तेवढ्या होऊ देत.

रविवार, १८ ऑगस्ट

कांड्या डब्यासकट विहिरीत टाकल्या. तरी दुपारी खोलीत तोच कडवट धूर. खिडकी उघडली, शेजारी काही पेटलेलं नव्हतं.

जेवताना डाव्या घोट्याला ऊब लागत होती. छान, सुखाची ऊब. मी घास घेणंच थांबवलं.

रविवार, २५ ऑगस्ट

ऊब रोज येते. शाळेत फळ्यावर लिहितानाही. कातडी गुलाबी झाली आहे, शिबिरात सांगितलं होतं तशीच, गोल.

आज कुणीतरी पाठीमागून विचारलं, चटका बसतो का, बाई?

मावशींचा आवाज. मायेनं विचारल्यासारखा.

बुधवार, २८ ऑगस्ट

ठरवलं, जयवंताला सगळं सांगायचं. उठले आणि ऊब एकदम थांबली. अंगणात गेले. तो शेळीचं दूध काढत होता. म्हणाला, बाई, तुमच्यासाठीच काढतोय, लई सुकलाय तुमी. माझ्या डोळ्यांपुढं शाळा आली, गाव आलं, वर्गातली पोरं आली. म्हटलं, काही नाही, सहज आले होते.

खोलीत पाय ठेवला आणि पुन्हा. आता आणखी जवळून.

सांगितलं की थांबणार आहे. मला माहीत आहे. तरी मी —

रविवार, १ सप्टेंबर

फोड. सुपारीएवढा.

आवाज पुन्हा आला. विचारतो आणि थांबतो. मी उत्तर द्यावं म्हणून वाट बघतो. मी 'नाही' म्हणाले. का म्हणाले?

गुरुवार, ५ सप्टेंबर

शिक्षकदिन. पोरं ओळीनं पाया पडली. अडतीस पोरं. प्रत्येकाचा हात नेमका तिथंच. मी एकदाही ओरडले नाही. हेडमास्तर म्हणाले, बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, बघा कसा जीव लावलाय.

घोट्याच्या कडेनं काळं —

शनिवार, ७ सप्टेंबर

आता सांगायचंच. नोकरी जाऊ दे, गावानं थुंकू दे. जयवंता आल्याबरोबर — पण तोंड उघडत नाही. दात एकमेकांवर बसलेत. पाणीसुद्धा आत —

रविवार, ८ सप्टेंबर. सकाळ

जयवंता ओट्यावर बसलाय. दहा पावलं. पाय टेकवत नाही. हाक मारता येत नाही.

मावशी समोर बसल्या आहेत. रागावलेल्या नाहीत. ते बघवत नाही. विचारतात, आणि माझी मान आपोआप 'नाही' अशी हलते. त्या समाधानानं कांडी आणखी खाली —

हात अजून चालतोय. वही त्याच्याकडे फेकेन.

जयवंतराव, निखारा पडला नव्हता. चुलीचा काही दोष नाही, तुमच्या आईचाही नाही. कांडी माझ्या हातात होती आणि त्यांना भाजतंय हे मला दिसत —

उजव्या मनगटाला ऊब लागते आहे.

जयवंतराव, तुमच्या आईला मी