साहेबाची सोय

प्रिय ठकूबाई,

तुमच्या साहेबाला, म्हणजे त्या दांडग्या कुत्र्याला, आम्ही आमच्याकडे ठेवून घेऊ का, असं तू परवा फोनवर विचारलंस आणि आमचं उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवूनही दिलास. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. आज एका गिऱ्हाईकाच्या फोटोची काच दोनदा चुकीची कापली. आयुष्य फ्रेमा बनवण्यात गेलं, पण असं कधी झालं नव्हतं. तुझी आई म्हणाली, आता दुकान बंद करा, नाहीतर बोटं कापून घ्याल.

अगं, त्यानं नुसती शेपटी हलवली तरी भिंतीला टेकवलेल्या काचांचा चुरा होईल. आई तर अडूनच बसली. केस गळतात, सोफा फाडतात, लाड तुम्ही करणार आणि फरशी मी पुसणार. मी म्हटलं, मी पुसेन. त्यावर ती इतकी हसली की मला रागच आला. लग्न झाल्यापासून मी फरशी पुसल्याचं तिला आठवत नाही म्हणे. मलाही आठवत नाही, पण ते तिला कशाला सांगू?

खरं सांगू, मला कुत्र्याची धास्ती नाही. त्याला तिथून हलवायचंच का, हे कळत नाहीये. तुमच्या घराला चांगलं अंगण आहे. जावईबापूंनीच हौसेनं त्याला आणलं, हातानं भरवून वाढवलं. त्यांना फोन केला तर म्हणाले, तिलाच विचारा. एवढंच. एरवी हवापाण्यापासून सुरुवात करून अर्धा तास सोडत नाहीत. तू तर फोन उचलतच नाहीस. मग मी नुसता जिना वर-खाली करतो. खाली दुकानात गेलं की घरात यावंसं वाटतं, घरात आलं की दुकानात.

काल शेवटी उठलो आणि मागची खोली रिकामी करायला घेतली. तुझं लग्न झाल्यावर तिथे मी लाकडाच्या पट्ट्या रचल्या होत्या. सगळ्या खाली नेल्या. कंबर धरली, पण थांबलो नाही. खिडकीला कडी बसवली, नवा बल्ब लावला, कुरकुरणारा पलंग ठोकून घट्ट केला. आई दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार, कुत्र्याला पलंग कशाला म्हणून विचारणार.

पण ती आत आली, गादीवर स्वच्छ चादर घातली आणि म्हणाली, "अहो, ती कुत्र्याचं विचारतच नाहीये. स्वतःचं विचारायला जीभ रेटत नाहीये पोरीची."

मी तिथेच बसलो. मलाही ते कळलं होतं गं, फक्त म्हणवत नव्हतं. फोनवर तू सगळं ठीक आहे म्हणशील आणि मी बरं बरं म्हणून मोकळा होईन, म्हणून हे लिहायला बसलो. काय झालं ते आम्ही विचारणार नाही. वाटलं तर सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. साहेबाला घेऊन ये, नाहीतर एकटी ये, पण आपल्या घरी यायला तू कुणाला विचारू नकोस.

वाट बघणारा, तुझाच
बाबा