आजीबाईंची दाढ आणि तुझा फोटो

तीर्थरूप आत्यास,

तू ओरडायच्या आत स्वतःच स्वतःचा कान धरून तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (काही झालेलं नाही असं तू म्हणशील, म्हणजे दुखतोय.) रक्तदाबाची गोळी घेतेस ना? जन्मभर मेट्रन म्हणून अख्ख्या इस्पितळाला गोळ्या गिळायला लावल्यास आणि स्वतःची मात्र साखरेच्या डब्यामागे लपवतेस, हे मला ठाऊक आहे. आम्ही दोघं इथे परदेशात सुखरूप आहोत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तिकडे निघालेल्या एका भल्या गृहस्थांच्या हाती पाठवतोय. त्यांना चहा दे, उलटतपासणी घेऊ नकोस.

तू रागावली आहेस, ते कळतं. मूल दत्तक घ्यायला निघालो तेव्हा तू दारात म्हणालीस, "दुसऱ्याचं मूल वाढवणं म्हणजे काय असतं, ते मला विचार." आणि मी विचारण्याआधीच आत जाऊन भांडी आपटायला लागलीस. विमानात मी तेच घोळवत बसलो होतो. आई गेल्यावर बाबांनी चार वर्षांच्या मला तुझ्या ओटीत घातलं, म्हणजे ते दुसऱ्याचं मूल मीच की! तुझ्या भाचेसुनेला हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली की आत्यांना भांडी आपटायला कारण लागत नाही, आणि घोरायला लागली.

असो. मुलगी तीन वर्षांची आहे. पहिल्या भेटीत तिने हात मागे बांधून आमच्या बुटांची पाहणी केली, तेव्हापासून आम्ही तिला हवालदार म्हणतो. तिची आई नाही. वडील जहाजावर, सदा समुद्रात. सांभाळते ती आजी, पण तिचे हात आता कापतात आणि हवालदार पळते वाऱ्यासारखी. म्हणून आजीबाई आपणहून दत्तक देणाऱ्या कचेरीत गेल्या. वडिलांनी कळवलंय की माझी आई हो म्हणाली तर माझंही हो. थोडक्यात, सगळं आजीबाईंच्या होकारावर अडलंय. (या देशात तरी घरात बायकांचं चालणार नाही असं मला वाटलं होतं. छे.)

तर आम्ही त्यांच्या घरी गेलो. धोबीखान्याच्या वर दोन खोल्या, जमिनीतून इस्त्रीची ऊब येत असलेली. आजीबाई, कचेरीतल्या बाई, एक घामाघूम दुभाषा आणि आम्ही. आम्ही काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. पण आजीबाईंनी बिस्कीट तोंडात घातलं आणि ते एकाच बाजूने चावायला लागल्या. तुझी भाचेसून दातांची डॉक्टर! तुला पहिल्यांदा नमस्कार करून उठता उठता तुझी दाढ किडलीय म्हणणारी बाई ती, ती कसली गप्प बसतेय? मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तो कचेरीतल्या बाईंचा निघाला. तोवर हिने पर्समधून टॉर्च काढून आजीबाईंना "आ करा" म्हटलंसुद्धा. बिचाऱ्या दुभाष्याला काय करावं ते सुचेना, त्याने स्वतःच आ करून दाखवला. हिने जाता जाता त्याच्याही दोन दाढा नापास केल्या.

आजीबाई ताठ झाल्या. म्हणाल्या, "बाजारात गुरं घेताना दात बघतात. इथे निवड मी करतेय, तुम्ही नाही." मी ओशाळून खिडकीशी गेलो आणि (पडद्यांच्या दुकानदाराची खोड) पडद्याचं कापड बोटांत घेऊन बघायला लागलो. अस्तर नव्हतं. जरा ओढून पाहिलं, तर दांडी खाली आली. बैठक तिथेच संपली. जिना उतरताना ही रडली, आत्या. मीसुद्धा रडलो, पण मी नाक शिंकरल्याचं सोंग केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजीबाई गाल सुजवून आमच्या लॉजच्या दारात, बरोबर दुभाषा आणि बोट धरून हवालदार. ही त्यांना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरला हिने सुखाने काम करू दिलं नाही, पण दाढ निघेस्तोवर आजीबाईंचा हात सोडला नाही. त्या दुपारी मी त्यांची दांडी पुन्हा बसवली आणि जाड अस्तराचा पडदा लावला, कारण रस्त्यावरचा दिवा हवालदाराच्या डोळ्यांवर येतो. तिने हात मागे बांधून पाहणी केली आणि मान डोलावली.

मग तोंडात कापसाचा बोळा धरून आजीबाईंनी विचारलं की नातीला रागावणार कोण? आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितलं, कोणीच नाही, आम्ही फक्त प्रेम करणार. त्यांचा चेहरा पडला. मग पोरीचं वाटोळंच होणार, म्हणाल्या. मी घाईघाईने पाकिटातून तुझा फोटो काढला. (तोच, फोटोवाला बुटांसकट तुझ्या धुतलेल्या चादरीवर उभा राहिला तेव्हाचा.) आजीबाईंनी तो बराच वेळ न्याहाळला आणि सुजलेल्या तोंडाने पहिल्यांदा हसल्या. ही कोण, असं विचारलं. मी म्हटलं, हिने मला वाढवलं.

बाकी विशेष काही नाही. मागच्या दाराची कडी लावत जा.

तुझा, अजूनही पाय पुसूनच घरात येणारा,
भाचा

ता. क. बाकी विशेष काही नाही म्हणालो, ते तितकंसं खरं नाही. आजीबाईंनी अजून होकार दिलेला नाही. फोटोतल्या बाईशी बोलल्याशिवाय देणार नाहीत. रविवारी सकाळी फोन वाजेल. आत्या, उचल. तुझ्या पाया पडतो.

ता. क. २. फोनवर चेहरा दिसतो. म्हणून उगाच गोड हसायचा सराव करू नकोस. तुझी निवड कपाळावरच्या आठ्यांवर झाली आहे.

ता. क. ३. त्या काय विचारणार, ते त्यांनी आधीच सांगून ठेवलंय: दुसऱ्याचं मूल घरात आणल्याचा कधी पस्तावा झाला का? आधी त्यांनी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, ते आत्यालाच माहीत, मला विचारायचा कधी धीर झाला नाही. त्यांची एकुलती एक नात आहे, तेव्हा जे असेल ते खरं सांग. त्यांच्यासाठी दुभाषा आहे. मी शेजारीच बसलेला असेन, मला दुभाषा लागणार नाही.